आफ्रिकी भाल्यांचा संग्रह आणि त्यांची ओळख : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

युरोप आणि अमेरिकेतील वस्तुसंग्रहालयांत व खाजगी संग्रहांत आफ्रिकी भाले फार मोठ्या संख्येने आढळतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आफ्रिकेतून मायदेशी परतणारे सैनिक, व्यापारी, मिशनरी आणि शिकारी आठवण म्हणून ज्या वस्तू बरोबर नेत, त्यांत भाल्याचे स्थान अग्रभागी होते. पुढे मुखवटे आणि मूर्ती यांना 'कला' ही प्रतिष्ठा लाभली. भाला मात्र बहुधा 'शस्त्र' याच सदरात पडून राहिला. त्यामुळे त्याच्याविषयीच्या नोंदीही त्रोटक राहिल्या. 'झुलू भाला', 'सुदानी भाला' किंवा नुसतेच 'आफ्रिका' एवढाच मजकूर असलेली चिठ्ठी हीच अनेक भाल्यांची एकमेव कागदोपत्री ओळख होय.

अशा भाल्याची ओळख कोणत्या आधारांवर पटवता येते, त्या आधारांच्या मर्यादा कोणत्या आणि संग्रहाच्या प्रक्रियेने ही ओळख कशी घडवली वा पुसून टाकली, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतलेला आहे. आकार पाहून लोकसमूहाचे नाव सांगितले की ओळख पूर्ण झाली, अशी समजूत संग्राहकांत दीर्घकाळ रूढ होती. ती अपुरी आहे. भाला कोणी घडवला, कोणी वापरला आणि कोणाच्या हातून कोणत्या परिस्थितीत तो बाहेर गेला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र आल्याखेरीज त्याची ओळख सिद्ध होत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. नावाचा प्रश्न

दक्षिण आफ्रिकेतील भाल्यासाठी इंग्रजीत रूढ झालेला 'असेगाय' हा शब्द मुळात दक्षिण आफ्रिकेतील नाही. उत्तर आफ्रिकेतील बर्बर भाषेतून तो अरबीत, अरबीतून पोर्तुगीजमध्ये आणि तेथून इतर युरोपीय भाषांत गेला. पोर्तुगीज खलाशांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जेथे जेथे भाला पाहिला तेथे तेथे हाच शब्द योजला आणि पुढे वसाहतवाल्यांनी तो दक्षिणेकडील सर्व भाल्यांना सरसकट लावला. ज्या झाडाच्या चिवट लाकडाचे दांडे केले जात, त्या झाडालाही इंग्रजीत हेच नाव मिळाले.

प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या भाषेत मात्र बारकाईने भेद केलेला दिसतो. मराठीत भाला, बरची आणि विटा हे शब्द ज्याप्रमाणे एकाच वस्तूचे पर्याय नाहीत, त्याचप्रमाणे झुलू भाषेत 'उमखोंतो' हा भाल्यासाठी सामान्य शब्द असून आखूड दांड्याच्या, भोसकण्याच्या भाल्यास 'इक्ल्वा' आणि फेकण्याच्या भाल्यास 'इसिजुला' असे म्हटले जाते. पहिल्याचे पाते रुंद आणि सुमारे एक फूट लांब, तर दांडा सुमारे दोन फूट असतो. दुसऱ्याचे पाते लहान, दांडा लांब व हलका असतो. दोन्ही भाले एकाच योद्ध्याच्या हाती असू शकत. संग्रहालयाच्या चिठ्ठीवर दोघांनाही 'असेगाय' म्हटले की त्यांमागील युद्धतंत्राचा भेद नाहीसा होतो. नावाचे महत्त्व केवळ कोशापुरते नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे. १९६१ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र शाखेने 'उमखोंतो वे सिझ्वे', म्हणजे 'राष्ट्राचा भाला', हे नाव धारण केले तेव्हा वसाहतीच्या शब्दकोशाऐवजी आपल्या शब्दाचा स्वीकार त्यात होता.

२. बांधणीवरून होणारी ओळख

भाल्याच्या परीक्षणात पहिला प्रश्न पाते दांड्याला कसे जोडले आहे, हा असतो. याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत पात्याच्या मागील निमुळती शेपटी दांड्याच्या टोकात रोवली जाते. दुसऱ्या पद्धतीत पात्याला मागे पोकळ खोबण असते आणि दांडा त्या खोबणीत बसतो. झुलू आणि त्यांच्या भाषाभगिनी समूहांत पहिली पद्धत प्रामुख्याने दिसते. तापवलेली शेपटी लाकडात रुतवून ती चिकाने पक्की करीत आणि वरून सालीचे किंवा वेताचे विणकाम अथवा गुराच्या शेपटीचे ओले कातडे चढवीत. कातडे वाळले की ते आवळून बसे. कांगोचे खोरे, सुदान आणि पूर्व आफ्रिकेत खोबणीची पद्धत अधिक आढळते. येथे लोखंडाचा पातळ पत्रा गुंडाळून खोबण केलेली असल्याने तिची उभी शिवण बहुधा उघडी दिसते. कारखान्यात तयार झालेल्या पात्याची नळी याहून निराळी, एकसंध असते.

दुसरा प्रश्न पात्याच्या छेदाचा. काही आफ्रिकी पात्यांत कण्याच्या एका अंगास खोलगट आणि दुसऱ्या अंगास उंच भाग असतो व पात्याच्या मागील बाजूस हीच रचना उलट केलेली असते. असे पाते आडवे कापले तर नागमोडी रेषा दिसेल. ही घडण हातोड्याच्या कामाची असून तिच्यामुळे पातळ पात्यालाही ताठपणा येतो. ओतीव किंवा यंत्रावर कापलेल्या पात्यात ती सहसा आढळत नाही.

तिसरा प्रश्न दांड्याचा आणि त्याच्या खालच्या टोकाचा. मसाई भाल्यात वर लांब पाते, मध्ये हातात मावेल एवढीच लाकडी मूठ आणि खाली लांब लोखंडी सळई अशी तीन भागांची रचना असते. सहारातील तुआरेग लोकांचा 'अल्लाग' हा भाला पात्यापासून शेवटापर्यंत लोखंडाचाच असतो व त्यावर पितळेचे जडावकाम दिसते. सुदानातील काही शस्त्रांवर घोरपडीची किंवा मगरीची कातडी चढवलेली असते. अनेक भाल्यांच्या तळाला शेंबी अथवा तोल साधण्यासाठी गुंडाळलेली लोखंडाची पट्टी असते. हात लागून लागून काळवंडलेले व गुळगुळीत झालेले लाकूड, कोरड्या हवेत आकसल्याने सैल पडलेली खोबण, पुन्हा पुन्हा पाजळल्याने झिजलेली धार, ही वापराची चिन्हे होत.

या सर्व खुणा उपयुक्त आहेत. तथापि त्यांवरून सिद्ध होते ते कारागिरीचे क्षेत्र आणि वापराचा पुरावा. भाला कोणत्या समूहाचा, हे त्यांवरून थेट सांगता येत नाही. त्याची कारणे पुढील विवेचनात स्पष्ट होतील.

३. आकार आणि लोकसमूह

एकेका लोकसमूहाचा भाल्याचा एकेक ठरावीक आकार असतो, हे गृहीतक तीन कारणांनी डळमळते.

पहिले कारण लोकांच्या स्थलांतराचे. झुलू राजा शाका याचा मृत्यू १८२८ मध्ये झाला. आखूड भोसकण्याचा भाला त्यानेच शोधला की आधीपासून असलेल्या शस्त्राला त्याने सैन्यरचनेत मध्यवर्ती स्थान दिले, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. त्याच्या काळातील संघर्षांमुळे अनेक गट उत्तरेकडे सरकले, हे मात्र निर्विवाद आहे. म्झिलिकाझीचे अनुयायी आजच्या झिम्बाब्वेत स्थिरावले. झ्वांगेंदाबाच्या नेतृत्वाखालील न्गोनी लोकांनी १८३५ मध्ये झांबेझी नदी ओलांडली आणि त्यांचे गट आजच्या मलावी, झांबिया व टांझानिया या देशांत पोहोचले. त्यांच्याबरोबर आखूड भाला आणि कातडी ढाल यांचाही प्रवास झाला. वाटेत सामावलेल्या समूहांनीही ही शस्त्रे उचलली. परिणामतः आकाराने 'झुलू' भासणारा भाला झुलू प्रदेशापासून शेकडो कोस दूर घडलेला असू शकतो.

दुसरे कारण लोहाराचे. भाला वापरणारा आणि घडवणारा हे नेहमी एकाच समूहाचे नसत. मसाई समाजात लोहारकाम करणाऱ्यांचा 'इल्कुनोनो' हा वेगळा गट असून योद्ध्यांशी त्याचे संबंध अंतर राखून असत. दक्षिण सुदानातील न्युएर लोकांविषयी इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे नमूद केले आहे की, अलीकडच्या काळापर्यंत त्यांच्याकडे लोखंडी भाले फारच थोडे होते व ते वारसा म्हणून जपले जात. एरवी हरणांची सरळ केलेली शिंगे, काळे कठीण लाकूड आणि जिराफाच्या बरगड्या यांपासून ते भाल्यांची टोके करीत. याचा अर्थ असा की, न्युएर प्रदेशातून आलेला लोखंडी भाला पुष्कळदा शेजारच्या लोहारांच्या हातचा असणार, तर न्युएर परंपरेचा अधिक जुना पुरावा शिंगाच्या टोकाचा असणार. लोखंडाला अधिक मूल्य देणारा संग्राहक येथे नेमक्या उलट निष्कर्षावर येतो.

तिसरे कारण काळाचे आणि वयाचे. मसाई भाल्याचे पाते एकोणिसाव्या शतकात रुंद व पानाच्या आकाराचे होते. विसाव्या शतकात ते अरुंद आणि फार लांब झाले. केनियातील सांबुरू लोकांच्या भाल्यांचा अभ्यास करून रॉय लॅरिक यांनी १९८० च्या दशकात असे दाखवून दिले की, तेथे भाल्याचा आकार वयोगटाशी निगडित आहे. तरुणांची नवी पिढी योद्ध्याचा दर्जा मिळवते तेव्हा ती आधीच्या पिढीपेक्षा निराळ्या घडणीचा भाला स्वीकारते. याच देशातील बारिंगो परिसराविषयी इयान हॉडर यांनी १९८२ मध्ये मांडलेले निरीक्षणही महत्त्वाचे आहे. तेथे काही अलंकार लोकसमूहांच्या सीमा काटेकोरपणे दर्शवीत असताना भाल्यांच्या शैली मात्र त्या सीमा ओलांडून तरुणांत समान होत्या. ज्येष्ठांच्या सत्तेपुढे तरुणांचे वेगळेपण त्यांतून व्यक्त होत असे. भाल्याने 'आम्ही अमुक समूहाचे' हे सांगण्याऐवजी 'आम्ही या पिढीचे' हे सांगितलेले असेल, तर त्यावर केवळ समूहाच्या नावाची चिठ्ठी लावणे म्हणजे त्याचे अर्धे म्हणणे गाळणे होय.

याखेरीज भाल्यासारखी दिसणारी प्रत्येक वस्तू शस्त्र नसते. जॉर्ज श्वाइनफुर्ट याने १८६८ ते १८७१ या काळात नाईलच्या वरच्या खोऱ्यात प्रवास केला. तेथील बोंगो लोकांत भाल्याच्या पात्यांच्या आकाराचे लोखंड चलन म्हणून वापरात असल्याचे त्याने नोंदवले. कांगो नदीच्या खोऱ्यात, किसांगानीच्या परिसरात टोपोके, लोकेले आदी लोकांत 'लिगांदा' या नावाचे माणसाच्या उंचीला भिडणारे पातळ लोखंडी पाते मोठ्या देण्याघेण्यांत, विशेषतः विवाहसंबंधात, चाले. त्याने भोसकणे शक्यच नाही. तरीही 'प्रचंड युद्धभाला' म्हणून ते युरोपीय घरांच्या भिंतींवर झळकले. दिंका लोकांत मासे मारण्याचा भाला पौरोहित्याचे चिन्ह होता आणि ज्या कुळांकडे धार्मिक अधिकार होते, त्यांना त्याच भाल्याचे धनी म्हटले जाई. लिएनहार्ट यांच्या १९६१ मधील ग्रंथामुळे हे सर्वज्ञात झाले. शस्त्र, चलन आणि पूजाचिन्ह यांतील फरक केवळ लोखंडाकडे पाहून कळत नाही.

४. रणांगणापासून संग्रहापर्यंत

भाल्यांचे मोठे साठे युरोपात पोहोचले ते बव्हंशी युद्धांमुळे. या संदर्भात तीन प्रसंग लक्षात घेण्याजोगे आहेत.

पहिला प्रसंग इथिओपियाचा असून त्याचा मुंबईशी थेट संबंध आहे. सम्राट तेवोद्रोस दुसरा याने कैदेत ठेवलेल्या युरोपीयांच्या सुटकेसाठी मुंबईच्या फौजेचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर याच्या नेतृत्वाखाली मोहीम काढण्यात आली. तिची तयारी मुंबई इलाख्यात झाली. सुमारे १३,००० ब्रिटिश व हिंदी सैनिक आणि ४४ हत्ती या मोहिमेत होते. १० एप्रिल १८६८ रोजी आरोगे येथील लढाईत इथिओपियाचे सुमारे ७०० सैनिक मारले गेले. भाले, ढाली आणि जुन्या बंदुका घेऊन लढणाऱ्यांसमोर नव्या, मागून भरण्याच्या बंदुका होत्या. १३ एप्रिल रोजी मकदालाचा गड पडला व तेवोद्रोसने आत्मघात केला. त्यानंतर गडावरील लूट दालांता पठारावर नेऊन २० व २१ एप्रिल रोजी तिचा लिलाव झाला आणि आलेला पैसा सैनिकांत वाटण्यात आला. ब्रिटिश म्युझियमचा प्रतिनिधी या लिलावात हजर होता. येथे लूट, बाजार आणि संग्रहालय हे तीन टप्पे काही दिवसांच्या आत एकाच ठिकाणी एकवटलेले दिसतात.

दुसरा प्रसंग झुलू राज्याचा. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडल्वाना येथे झुलू सैन्याने ब्रिटिश छावणीचा धुव्वा उडवला. ब्रिटिश बाजूचे १,३०० हून अधिक लोक त्यात ठार झाले. त्याच वर्षी ४ जुलै रोजी उलुंडीच्या लढाईत झुलू राज्याचा पराभव झाला. इसांडल्वानाच्या धक्क्यामुळे झुलू भाल्याला ब्रिटनमध्ये असामान्य प्रसिद्धी मिळाली. विजयी सैनिकांनी तो विजयचिन्ह म्हणून नेला आणि 'झुलू' हे नाव विक्रीस सोयीचे ठरले. दक्षिणेकडील स्वाझी, सोथो वा खोसा लोकांच्या भाल्यांनाही ते चिकटण्यामागे हे एक प्रमुख कारण होय.

तिसरा प्रसंग सुदानचा. मुहम्मद अहमद याने १८८१ मध्ये स्वतःला महदी घोषित केले. १८८५ मध्ये खार्टूम पडले. २ सप्टेंबर १८९८ रोजी ओमदुरमान येथे किचनेरच्या सैन्याने मशीनगन व तोफा यांच्या बळावर महदीपंथीय सैन्याचा संहार केला. काही तासांत सुमारे १०,००० लोक मारले गेले. या रणभूमीवरून उचललेले भाले, तलवारी आणि ठिगळांचे अंगरखे ब्रिटनमधील असंख्य घरांत पोहोचले.

या वस्तूंचा घरातील वापरही त्यांच्या ओळखीला मारक ठरला. भिंतीवर ढाल मध्यभागी ठेवून भोवती पंख्यासारखे भाले मांडण्याची पद्धत होती. त्यात निरनिराळ्या प्रदेशांतील शस्त्रे एकत्र येत. प्रवासाच्या वा मांडणीच्या सोयीसाठी दांडे कापले जात. दांडा गेला की लांबी, तोल, तळाची शेंबी आणि हाताच्या खुणा, हे सारेच पुरावे नष्ट होत. त्यामुळे मूळचा फेकण्याचा भाला पुढच्या पिढीला भोसकण्याचा आखूड भाला वाटू शके.

५. वर्गीकरणाची दृष्टी

संग्रहालयांनी या वस्तूंची नोंद केली, परंतु आपापल्या सिद्धांतांच्या चौकटीत. ऑगस्टस पिट-रिव्हर्स हा ब्रिटिश सैन्याधिकारी याचे उत्तम उदाहरण होय. बंदुकांच्या सुधारणेचा अभ्यास करताना शस्त्रे लहान लहान बदलांनी विकसित होतात, असे त्याचे मत बनले. १८६७ ते १८६९ या काळात त्याने आदिम युद्धपद्धतीवर तीन व्याख्याने दिली. आफ्रिकी पात्यांचा वर वर्णिलेला नागमोडी छेद त्याच्या लक्षात आला होता. तसाच छेद त्याला प्राचीन सॅक्सन भाल्यांतही दिसला आणि लोहविद्येचा प्रसार एका उगमातून झाल्याचा तो पुरावा मानण्याकडे त्याचा कल होता.

निरीक्षण अचूक होते; त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकणारा नव्हता. पातळ पाते ताठ करण्याची गरज दोन ठिकाणच्या लोहारांना स्वतंत्रपणे भासू शकते. पिट-रिव्हर्सने १८८४ मध्ये आपला २०,००० हून अधिक वस्तूंचा संग्रह ऑक्सफर्ड विद्यापीठास दिला. त्यात वस्तूंची मांडणी लोकसमूहांऐवजी प्रकारांनुसार होती. भाल्याशेजारी भाला आला, पण ज्या ढालीसह व ज्या विधीत तो वापरला जाई त्यांच्यापासून तो तुटला. तरीही या संग्रहाचे मोल मोठे आहे. खार्टूम येथे राहिलेला वेल्श व्यापारी जॉन पेथेरिक याने १८५० च्या दशकात सुदानात जमवलेली शस्त्रे त्यात आहेत. संग्राहकाचे नाव, प्रदेश आणि काळ ठाऊक असल्याने ती नंतरच्या बेनामी भाल्यांसाठी तुलनेचा आधार ठरतात.

जर्मनीत ही प्रक्रिया शासकीय निर्णयाने घडली. १८८९ च्या ठरावानुसार सरकारी खर्चाने निघालेल्या वसाहतींतील मोहिमांमधून आलेल्या वस्तू प्रथम बर्लिनच्या संग्रहालयाकडे पाठवल्या जाऊ लागल्या. बेल्जियममध्ये १८९७ च्या प्रदर्शनातून तेर्वूरेन येथील संग्रहालयाचा पाया घातला गेला. या संस्थांच्या आवक-नोंदवह्यांत भाल्याच्या आकारापेक्षा अधिक बोलकी माहिती पुष्कळदा सापडते : तुकडीचे नाव, ठाण्याचे नाव, तारीख आणि क्वचित 'युद्धात मिळालेले' हे शब्द.

६. बाजार, विक्रेते आणि नकला

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा वस्तूंचा स्वतंत्र बाजार ब्रिटनमध्ये उभा राहिला. वेबस्टर आणि ओल्डमन हे विक्रेते छायाचित्रे वा रेखाटने असलेल्या सूची छापून ग्राहकांना पाठवीत. ओल्डमन विक्रीच्या वस्तूवर पांढऱ्या शाईने क्रमांक घाली. आज एखाद्या दांड्यावर पुसट पांढरा आकडा दिसला तर छापील सूचीशी तो ताडून पाहता येतो. म्हणूनच दांडा स्वच्छ करण्याच्या उत्साहात असा आकडा घासून टाकणे हे पुराव्याचे नुकसान ठरते. औषध-उद्योजक हेन्री वेलकम याच्या संग्रहात तर दहा लाखांवर वस्तू जमल्या. १९३६ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर त्या अनेक संस्थांत आणि बाजारांत विखुरल्या. वस्तू विकत घेणारा प्रत्येक नवा मालक आधीच्या मालकाचा कागद जपतोच असे नाही. त्यामुळे हस्तांतरांची संख्या वाढते तशी माहिती घटत जाते.

बाजाराने मागणीनुसार पुरवठाही घडवला. ओमदुरमाननंतर स्मरणवस्तूंची मागणी वाढली. आम्लाने अरबी अक्षरे उमटवलेल्या सुदानी शस्त्रांपैकी काही प्रत्यक्ष वापरापेक्षा विक्रीसाठीच तयार झाली असावीत, असे अभ्यासक मानतात. विसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेत पर्यटकांच्या सामानात मावतील असे, पेचाने जोडता येणाऱ्या तीन तुकड्यांचे मसाई भाले विकले जाऊ लागले. त्यांना सरसकट खोटे म्हणणे मात्र योग्य नाही. तेही आफ्रिकी लोहाराच्याच हातचे असू शकतात. योद्ध्याचा जुना भाला म्हणून ते विकणे ही फसवणूक. पर्यटनकालीन कारागिरी म्हणून त्यांची नोंद करणे हा इतिहास. लोखंडाच्या बाबतीतही हेच तारतम्य हवे. भट्टीत काढलेल्या स्थानिक लोखंडात मळीचे अंश राहतात, तर आयात लोखंड अधिक एकजिनसी असते. परंतु किनाऱ्यावरील व्यापारातून आलेली लोखंडी तार पूर्व आफ्रिकेतील लोहार एकोणिसाव्या शतकातच वापरीत होते. म्हणून आयात लोखंडाचा भाला नकली ठरत नाही. फार तर तो व्यापाराच्या जाळ्यात कधी आला, हे कळते.

गेल्या काही दशकांत अभ्यासाची दिशा बदलली आहे. ब्रिटिश म्युझियममधील क्रिस्टोफर स्प्रिंग यांच्या १९९३ मधील ग्रंथाने आफ्रिकी शस्त्रांना त्यांच्या सामाजिक संदर्भात पाहण्याचा पायंडा दृढ केला. २०१८ मध्ये लॉस एंजेलिस येथील फाउलर संग्रहालयात भरलेल्या आफ्रिकी लोहारकलेच्या प्रदर्शनाने शस्त्राकडून लोहाराकडे लक्ष वळवले.

७. परत देण्याचा प्रश्न आणि ओळखीचे मोल

भाल्याची ओळख हा एके काळी संग्राहकांच्या हौसेचा विषय होता. आता त्याला न्यायाचे परिमाण लाभले आहे. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या सूचनेवरून फेल्विन सार आणि बेनेडिक्ट साव्होय यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार फ्रान्सच्या सार्वजनिक संग्रहांत सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील सुमारे ९०,००० वस्तू होत्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेल्जियमच्या पंतप्रधानांनी कांगोच्या पंतप्रधानांकडे सुमारे ८४,००० वस्तूंची यादी सुपूर्द केली. अशी यादी हाती आल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच की, यांतील कोणती वस्तू कोणाची आणि ती कशी आली? 'भाला, कांगो' एवढीच नोंद असेल तर यादी लांबते, दावा मात्र उभा राहत नाही.

टांझानियाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. जर्मन सत्तेविरुद्ध १९०५ ते १९०७ या काळात झालेल्या माजी-माजी उठावात आणि त्यानंतरच्या दुष्काळात मरण पावलेल्यांची संख्या काही अंदाजांनुसार ३,००,००० पर्यंत जाते. दक्षिणेकडील न्गोनी लोक या उठावात सामील झाले. त्यांचा नेता सोंगेआ म्बानो यास १९०६ मध्ये फाशी देण्यात आले. याच सोंगेआ गावी १ नोव्हेंबर २०२३ रोजी जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी क्षमायाचना केली. आता त्या प्रदेशातून आलेल्या आखूड, रुंद पात्याच्या भाल्याचा विचार करावा. निव्वळ आकाराने निर्णय घेणारा परीक्षक त्याला 'झुलू' म्हणेल. त्या एका शब्दाने भाला फार दूर दक्षिणेला जाईल, १९०५ चे युद्ध त्याच्या इतिहासातून वगळले जाईल आणि सोंगेआच्या वंशजांचा त्याच्याशी असलेला संबंध तुटेल. याउलट आवक-नोंदवहीतील तुकडीचे नाव आणि तारीख त्याच्याशी जुळली, तर तोच भाला एका समाजाच्या स्मृतीचा पुरावा ठरेल.

ओळखीच्या या कामात मूळ समाजाच्या जाणकारांचा सहभागही अपरिहार्य ठरत आहे. २०१७ पासून मसाई प्रतिनिधींनी ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयास भेट देऊन तेथील वस्तूंचे परीक्षण केले. काही अलंकार कुटुंबात वारशाने जाणारे असल्याने ते सहजी विकले जाणे संभवत नाही, हे त्यांनी निदर्शनास आणले. संग्रहालयाच्या नोंदीत हा अर्थ नव्हता. वस्तू ओळखणाऱ्या माणसांच्या ज्ञानात तो होता. भाल्यांच्या बाबतीतही वयोगट, लोहाराचे घराणे आणि विधी यांविषयीचे ज्ञान याच मार्गाने मिळू शकते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पात्याची जोडणी, छेद, दांडा आणि वापराच्या खुणा यांवरून भाल्याच्या कारागिरीचे क्षेत्र बऱ्याच अंशी निश्चित करता येते. तथापि स्थलांतर, लोहार व वापरकर्ता यांतील भेद आणि पिढीगणिक बदलणाऱ्या शैली यांमुळे आकारावरून लोकसमूहाचे नाव ठरवणे धोक्याचे आहे. वस्तू बाहेर नेणाऱ्या युद्धांनी आणि बाजारांनी या संदिग्धतेत भर घातली. कापलेले दांडे, विक्रीस सोयीची नावे आणि हरवलेले कागद यांचा त्यात मोठा वाटा आहे.

म्हणून जुन्या भाल्याच्या नोंदीत आकारावरून केलेले अनुमान आणि कागदपत्रांनी सिद्ध झालेली माहिती यांची स्वतंत्र नोंद असणे आवश्यक आहे. 'दक्षिण आफ्रिकी घडणीचा आखूड भाला; मिळाल्याचे ठिकाण टांझानिया' ही नोंद 'झुलू भाला' या नोंदीपेक्षा कमी रुबाबदार असेल, परंतु ती पुढील संशोधनाचा मार्ग खुला ठेवते. दांड्यावरील पुसट आकडा, जुन्या चिठ्ठीचा तुकडा, खोबणीत अडकलेली माती यांचे जतन पात्याला चकाकी आणण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. संग्राहकाच्या भिंतीवरील भाला आणि एखाद्या गावाच्या आठवणीतील भाला हे एकच आहेत किंवा नाहीत, याचा निर्णय अखेर अशाच लहान खुणांवर होणार आहे.